दीड दिवसाची फेरी

आत्याला मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समोरासमोर दारं, मधे जिन्याचा चौकोन, आणि अशी कितीतरी वर्षं. पण तिला काय आवडायचं, तिने लग्न का केलं नाही, रागावली की ती काय करायची, यातलं मला काही ठाऊक नाही. ठाऊक होती ती माझ्या दाराच्या कडीला रोज सकाळी अडकवलेली पावाची पिशवी. पिशवी गरम असली की समजायचं आत्या वेळेवर आली. गार असली की गाडी कुठेतरी अडली होती. गेल्या महिन्यात ती वारली. तिच्या भाचीचा फोन आला, "आजोबा, तिच्याबद्दल दोन पानं लिहून द्या." मी म्हणालो, मला लिहिता येत नाही, आणि माहिती तर त्याहून नाही. ती म्हणाली, "त्या दीड दिवसाचं लिहा. अर्धं तिने तुम्हाला जिन्यात सांगितलंच असेल, उरलेलं मी सांगते." तेव्हा हे त्या दोघींचंच आहे. इमारतीतल्या सगळ्यांसारखं मीही तिला तोंडावर 'अहो आत्या' म्हणत असे. इथे 'ती' म्हणतो, नाहीतर हात अडखळेल.

आत्या एका बेकरीची गाडी चालवायची. दुनिया साखरझोपेत असताना भट्टीतून निघालेले ट्रे गाडीत चढवायचे आणि हॉटेलं, खानावळी, इस्पितळ, दोन वसतिगृहं अशी फेरी करून उजाडता उजाडता परत यायचं. लोक कामाला बाहेर पडत तेव्हा ती खिडकीला जाड पडदा ओढून झोपायची. उठायची संध्याकाळी. त्यामुळे तिच्या ओळखीचं शहर म्हणजे शटर ओढलेलं शहर. कापडबाजार म्हणाल तर तिला बोध होत नसे, "हिरव्या शटरांची ती लांब गल्ली" म्हटलं की लगेच, "हां, कोपऱ्यावर लंगडं मांजर असतं तीच ना?"

तिचा मोठा भाऊ जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारा. वहिनी लांबच्या एका लहान गावात दवाखान्यात नर्स. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. प्रत्येक गोष्टीत दोन प्रश्न आणि एक हरकत काढायची, म्हणून आत्याने तिचं नाव वकील ठेवलं होतं. गावातली शाळा तिच्या इयत्तेपाशी संपत होती. पुढे दोनच वाटा: जवळच्या तालुक्याला वसतिगृहात राहायचं, नाहीतर शहरात आत्याकडे.

वहिनीने फोनवर स्पष्ट सांगितलं. "ताई, मला तुमच्याकडे पाठवायला आवडेल. पण मी जबरदस्ती करणार नाही. शनिवार आणि अर्धा रविवार येऊ दे तिला. शहर बघू दे, तुम्हाला बघू दे. मग तिचं ती ठरवेल."

"मला काय बघायचंय? जन्मल्यापासून बघतेय."

"मांडीवर बघणं वेगळं, ताई. आता ती माणसाला आरपार बघते."

त्या संध्याकाळी आत्या जिन्यात मला म्हणाली, "काका, ही पोरगी इथे आलीच पाहिजे." ती सहसा असं काही बोलत नसे. ऊन, पाऊस, पाण्याची टाकी, इतपतच आमचं बोलणं. मग जरा थांबून, "माझ्या घरात दुसऱ्या कुणाची चप्पल नसते हो दाराशी," एवढंच म्हणाली आणि लगेच विचारलं, "अकरा वर्षांच्या मुलीला काय आवडतं?"

मी म्हणालो, "मला कसं ठाऊक असणार? माझा मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याला मी सोडून सगळं आवडायचं."

ती हसली आणि कामाला लागली.

बेकरीत तिने सगळ्यांचं डोकं खाल्लं. भट्टीवाला म्हणाला, प्राणिसंग्रहालय. पीठ मळणारी म्हणाली, अकराव्या वर्षी प्राणी नको असतात, उंच जागा हवी असते, वरून थुंकता येईल अशी. मालक म्हणाले, "बाई, तुम्ही पोरीला पावासारखी वाटत सुटाल. प्रत्येक दारात थांबायचं, उतरवायचं, की पुढे."

आत्याला त्यात टोमणा दिसला नाही, पद्धत दिसली. खरंच की, फेरीच लावायची. फेरीचे नियम तिला तोंडपाठ होते. सगळ्यात लांबचं ठिकाण आधी, मग घराकडे येत येत बाकीची. एकाच रस्त्याने दोनदा जायचं नाही. जड माल सुरुवातीला उतरवायचा, म्हणजे शेवटी गाडी हलकी आणि माणूसही हलका. तेव्हा आधी वस्तुसंग्रहालय, कारण ते जड. मग घड्याळाचा मनोरा. मग नदीतली होडी. शेवटी घराजवळच्या बागेतलं आइस्क्रीम. रविवारी सकाळी राहिलेलं, आणि दुपारी बस.

माझ्याकडे पर्यटकांना देतात तसला एक जुना नकाशा होता. तो नेऊन दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "यात रस्ते आहेत काका, पण हे कुठलेच मला ओळखीचे वाटत नाहीत. मी पायाने बघते."

आणि तिने पायाने बघितलं. रोजची फेरी आटोपली की रिकामी गाडी संग्रहालयाच्या फाटकाशी लावायची आणि चालायला लागायचं. पोरीचं पाऊल लहान म्हणून स्वतःही पाऊल आखडून चालायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं की बाईच्या गुडघ्याचं काहीतरी बिनसलंय. संग्रहालयाचा राखणदार तिच्या ओळखीचा, मनोऱ्याचा राखणदार ओळखीचा, होडीच्या धक्क्यावरचा तर तिला बघितल्याबरोबर हात पुढे करायचा, कारण फेरीत उरलेला पाव त्याचा. तिघांनीही शब्द दिला. "आणा की हो भाचीला. रांगेत उभंच करणार नाही."

आठवडाभर तिने ही तालीम केली. संग्रहालय ते मनोरा इतकं जवळ आहे, हे तिला आधी कळलंच नव्हतं. मला म्हणाली, "काका, शहर उगाच मोठं म्हणतात. तळहाताएवढं आहे." बदली ड्रायव्हर ठरला. शेजारणीकडून गादी आणली. खिडकीचा जाड पडदा काढून फुलाफुलांचा लावला. सगळं चोख. तिच्या एक ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही: ही सारी तालीम शहर झोपेत असताना झाली होती.

शुक्रवारी संध्याकाळी वकील आली. पाठीला पिशवी, कानाला लागतील एवढे कापलेले केस. दाराशी चप्पल काढताना तिने पहिला प्रश्न टाकला, "हा पडदा नवा आहे का?"

"तुला कसं कळलं?"

"घड्या दिसतायत. आधी कुठला होता?"

"काळा."

"का?"

"गप्प बस आणि हात धू," आत्या म्हणाली. पण मनातून तिला बरं वाटलं. घरात कुणीतरी प्रश्न विचारत होतं.

शनिवारी सकाळी दोघी बसने निघाल्या. आणि पहिल्याच चौकात आत्याची पाचावर धारण बसली. जिथून ती रोज भुर्रकन जायची, त्या चौकात बस जी उभी राहिली ती हलेना. मागून हॉर्न, पुढून हॉर्न, मधून हातगाड्या. तिने खिडकीतून बाहेर बघितलं आणि तिला काही म्हणजे काहीच ओळखता येईना. शटरं वर गेलेली. हिरवं, निळं, गंजकं, सगळ्या खुणा गुंडाळून वर गेलेल्या, आणि खाली कपडे, भांडी, आरसे, माणसं यांचा पूर. शेवटी आता आलंच असेल असं समजून तिने पोरीला उतरवलं. तो थांबा चुकीचा होता. पुढचा रस्ता चालत गेल्या, तोही चुकीचा.

वकिलाने मागे-पुढे बघितलं. मग म्हणाली, "आत्या, आपण हरवलोय का?"

"आपण नाही. शहर हरवलंय. काल सकाळी इथेच होतं."

मुलगी फिदीफिदी हसली. आत्याला हसू येत नव्हतं. तिने एका फळवाल्याला संग्रहालय विचारलं. त्याने चकित होऊन पाठीमागे बोट दाखवलं. ज्या भिंतीला टेकून ती विचारत होती, ती संग्रहालयाचीच होती.

फाटकाशी ही लांब रांग. आत्या ताठ मानेने पुढे गेली आणि आपल्या राखणदाराचं नाव सांगितलं. तिथला पोरगेला राखणदार म्हणाला, "ते रात्रपाळीचे. ते आता घरी झोपले असतील. मागे जा मावशी, सगळे उभे आहेत." मागून कुणीतरी पुटपुटलं, "ओळख काढतायत." आत्याचे कान लाल झाले. ती गुपचूप जाऊन रांगेच्या शेपटाला उभी राहिली.

आत जायला दुपार झाली. आणि दुपार ही आत्याची मध्यरात्र. देह म्हणजे काही वाहन नाही, किल्ली फिरवली की सुरू व्हायला. मोठ्या दालनात छताला एका देवमाशाचा सांगाडा टांगलेला होता, त्याच्याखाली एक बाक होता. "तू बघून ये, मी जरा पाय मोकळे करते," म्हणून आत्या टेकली, आणि टेकली ती गेलीच. भाची सांगते, आत्या चक्क घोरत होती. एका लहान मुलाने आईला विचारलं की आवाज माशाचा आहे का.

जाग आली तेव्हा दालन जवळजवळ रिकामं होतं. वकील शेजारी बसून पाय हलवत होती. आत्याची पर्स तिने मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

"किती वेळ झाला गं?" आत्याने घाबरून विचारलं.

"खूप. मी सगळं बघून आले. मग परत बघितलं. मग माशाच्या फासळ्या मोजल्या, पण मधेच विसरले."

"मला उठवायचं नाही का?"

"उठवलं. तू म्हणालीस, इस्पितळाचे ट्रे आधी उतरव."

मनोरा बंद झाला होता. होडीची शेवटची खेप निघून गेली होती. आइस्क्रीम मात्र मिळालं, तेही उभ्यानेच खावं लागलं, कारण बागेतली बाकं भरली होती. फेरीतले निम्मे ट्रे तसेच गाडीत राहावेत तसं आत्याला वाटत राहिलं. घरी येताना जिन्यात मी भेटलो. मुलीनेच सांगितलं, "आजोबा, आम्ही एक मासा बघितला. आत्याने डोळे मिटून बघितला."

पण आत्या हार मानणाऱ्यांतली नव्हती. अजून अर्धा रविवार होता. रविवारी सकाळी गर्दी कमी. मनोरा आणि होडी, दोन्ही बसवायचंच. तिने कंबर कसली आणि तेवढ्यात फोन वाजला. बदली ड्रायव्हरची ट्रे उचलताना कंबर धरली होती. मालक म्हणाले, "बाई, इस्पितळाला पाव नाही गेला तर रोगी काय खातील?"

आत्याने फोन ठेवला. रजा तिची होती, पण रोगी कुणाचे म्हणायचे? आणि पोरीला एकटं ठेवणार कुठे?

"मी येते," वकील म्हणाली.

"झोप मोडेल."

"तुझी रोज मोडते की."

अंधारातच दोघी निघाल्या. पोरीला आधी वाटलं की पाव म्हणजे पाव; पण भट्टीचं दार उघडून ती लाली अंगावर आली तेव्हा ती आत्याला चिकटून उभी राहिली. पीठ मळणाऱ्या बाईने तिच्या दोन्ही खिशांत एकेक गरम पाव कोंबला. मग गाडी. मागून उबदार वास, पुढे मोकळा रस्ता. आता आत्या राणी होती. कुठला सिग्नल उगाच लाल राहतो, कुठल्या गल्लीत गाडी बंद करून उतारावर सोडायची, कुठल्या दारावर ठोकायचं आणि कुठल्या दारावर नुसतं खोकायचं, सगळं ती सांगत गेली. लंगडं मांजर ठरल्या कोपऱ्यावर होतं. हिरव्या शटरांची गल्ली खरंच हिरवी होती. संग्रहालयाच्या फाटकाशी तिचा राखणदार हजर होता. त्याने मुलीला सलाम ठोकला. "काल कुठे होतात? मी सांगून ठेवलं होतं."

"कुणाला?" आत्याने विचारलं.

त्याने डोकं खाजवलं. "हां. तेही खरंच."

धक्क्यावरच्या राखणदाराने बांधलेल्या होडीत त्यांना बसू दिलं. होडी कुठे गेली नाही, नुसती डुलत राहिली. उजाडत होतं. पलीकडे मनोऱ्याचं घड्याळ दिसत होतं. मुलीने खिशातला पाव काढून अर्धा आत्याला दिला. आत्याच्या मनात आलं, जिंकलं. काल नाही जमलं, आज जमलं. मुलगी तर हसतेय.

परत आल्यावर चहा पिताना तिने विचारलंच. "मग वकीलसाहेब? निकाल काय?"

मुलीने कप खाली ठेवला. "मला गाडी आवडली. मांजर आवडलं. तू पण आवडलीस."

"मग येणार ना?"

"पण आत्या, मी शाळेतून येईन तेव्हा तू झोपलेली असणार. आणि मी झोपेन तेव्हा तू निघणार. मग मी राहायचं कुणाजवळ?"

आत्याने मालकांना, भट्टीवाल्याला, मलाही विचारून घेतलं होतं की मुलीला काय दाखवायचं. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईशिवाय राहण्यापेक्षा आत्या असून नसण्याची भीती मोठी, हे त्या अकरा वर्षांच्या डोक्याने काल बाकावर बसल्या बसल्या ओळखलं होतं.

दुपारी तिने मुलीला बसमध्ये बसवलं. आली ती माझ्या दारात उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. मला अशा वेळी काय करावं कळत नाही, म्हणून मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तिने नाही म्हटलं नाहीये, काका. तिने विचारलंय. नाही आणि विचारलं, यात फरक असतो."

"असतो," मी म्हणालो.

"मग उत्तर द्यायला हवं."

सोमवारी ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली आणि दिवसाचं काम मागितलं. मालक चाट पडले. "बाई, तुमच्यासारखी फेरी कोण करणार? आणि दिवसा गाडी नाहीच. दुकानात उभं राहावं लागेल. गिऱ्हाइकांशी गोड बोलावं लागेल."

"शिकेन."

"तुम्ही? तुम्ही तर दारावर नुसतं खोकता."

"गोड खोकेन," आत्या म्हणाली.

नवीन ड्रायव्हर तयार होईपर्यंत तिनेच त्याला फेरी शिकवली. एकेक दार, एकेक उतार, लंगड्या मांजरासकट. मग ती दुकानात उभी राहिली. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दुपारी उभ्या उभ्या डोळे मिटायचे. एका बाईला तिने पावाऐवजी फडकं बांधून दिलं. झोप उडावी म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत शहरात चालायला जायची, भर गर्दीत, भर उन्हात. शाळा ते बसथांबा. बसथांबा ते ग्रंथालय. वाट विचारायला लाजायची नाही. एकदा संध्याकाळी मला जिन्यात म्हणाली, "काका, हिरव्या शटरच्या गल्लीत कापड आणि छत्र्या विकतात, माहितेय? इतकी वर्षं मला वाटायचं तिथे काहीतरी हिरवं मिळत असेल."

आणि एक दिवस तिने फोन लावला. दार उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं.

"वहिनी, वकीलसाहेबांना द्या. अपील आहे." मग थोड्या वेळाने, "हां. दुकानात. सकाळी जाते, तू शाळेतून यायच्या आत परत. जागी. अगदी जागी. नाही गं, घोरण्याचं मी वचन देत नाही, ते रात्री होणारच." मग पलीकडून बरेच प्रश्न. शेवटी, "बघ. सावकाश बघ. मी थांबते."

मुलीने आठवडाभर बघितलं. मग होकार आला.

शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आत्याने त्या बाजूला दोन खोल्या बघितल्या. सामान फारसं नव्हतंच. गादी, भांडी, फुलांचा पडदा. टेम्पो आला तेव्हा मी मदत करायला खाली उतरलो, पण सगळे उचलणारे तरणे होते. मी नुसता तिच्या घरातला दिवा हातात धरून उभा राहिलो. पुढे मुलाने मला त्याच्या गावी नेलं, आणि जाऊन भेटायचं राहून गेलं. तिची भाची पुढे खरोखर काय झाली, आत्या त्या नव्या घरी कशी राहिली, ते त्या दोघींचं. मला त्यातलं काही सांगता येणार नाही.

टेम्पो सुरू झाल्यावर आत्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, पिशवी कडीला अडकवलीय. आजचाच पाव आहे, पण उद्यापर्यंत संपवा. नंतर कडक होतो."

"संपवतो," मी म्हणालो.